जुनी बारा बोअर दुनाळी: सोलापुरात घ्यावी का, आणि घ्यायची तर काय बघून?

निकाल आधीच सांगतो. शेतवस्तीच्या राखणीसाठी परवाना असेल आणि त्यावर एकाच बंदुकीची जागा मोकळी असेल, तर ती जुन्या पण धड नळीच्या बारा बोअर दुनाळीला, म्हणजे दोन नळ्यांच्या छर्र्याच्या बंदुकीला द्यावी. .३२ रिव्हॉल्व्हरला नाही, नव्या पंप गनलाही नाही. अट एवढीच की नळी आणि कागद दोन्ही स्वच्छ हवेत. त्यातही कागद आधी. नळी खराब निघाली तर पैसे गेले एवढंच होतं. कागद खराब निघाले तर मात्र विकणारा बाजूला राहतो आणि घेणारा पोलीस ठाण्यात बसतो.

हा सल्ला आत्ता देण्याचं कारण म्हणजे गेलं वर्ष-दीड वर्ष पारावर आणि कारखान्याच्या गटऑफिसात चाललेली ‘आता राज्याचा कडक कायदा येणार’ ही चर्चा. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. त्यानंतर तिथल्या परवान्यांची छाननी झाली आणि बरेच रद्दही झाले. तेव्हापासून आपल्याकडेही दोन टोकं दिसतात. काही जण घाईघाईने मिळेल ती बंदूक परवान्यावर चढवतात, तर काही जण आजोबांची बंदूक मातीमोल भावात काढून टाकतात. दोन्ही चुकतात. शस्त्रांचा कायदा केंद्राचा आहे, १९५९ चा. राज्याला स्वतःचा वेगळा शस्त्र कायदा करता येत नाही. राज्य सरकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांना छाननी कडक करायला लावू शकतं, आणि ते होतंच. त्यामुळे नव्या कायद्याची वाट बघण्यापेक्षा छाननीच्या टेबलावर टिकेल अशी बंदूक आणि तशी फाईल हातात असणं महत्त्वाचं.

खरा बदल झाला तो २०१९ च्या दुरुस्तीने. आधी एका परवान्यावर तीन बंदुका चालायच्या, त्या दोनवर आल्या. ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांना ती १३ डिसेंबर २०२० पर्यंत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती. परवान्याची मुदत मात्र ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली. या दोनच्या मर्यादेचा बाजारावर व्हायचा तो परिणाम झाला. रिव्हॉल्व्हर आणि रायफल ठेवून लोकांनी दुनाळी काढली, कारण ती लांब, जुनी आणि ‘भारी’ न दिसणारी. म्हणून विक्रेत्याच्या रॅकवर इंग्लिश आणि बेल्जियन दुनाळ्या अजूनही सापडतात, आणि घासाघीस करायला वाव असतो.

रॅकवर साधारण तीन जातींचा माल असतो. पहिली बर्मिंगहॅम-लंडनकडची जुनी इंग्लिश, दुसरी लिएजची बेल्जियन, तिसरी मुंगेर किंवा जम्मूच्या परवानाधारक कारखान्यांतली देशी. देशी दुनाळी नवीही मिळते. तिचं लाकूड आणि जोडकाम कारागिरागणिक बदलतं, त्यामुळे एक नमुना बघून दुसऱ्याबद्दल बोलता येत नाही. काही मुंगेरी दुनाळ्या अगदी घट्ट बसलेल्या असतात, तर काहींची सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, नवी असतानाच ढिली असते. जुनी इंग्लिश बंदूक शंभर वर्षांची असूनही अनेकदा नव्या देशीपेक्षा जास्त घट्ट बंद होते. पण शंभर वर्षांत तिच्यावर कोणी काय काय केलं असेल, ते नळीच सांगते.

तपासणी दुकानातच करायची, उजेडात. घाई करणारा विक्रेता असेल तर तिथूनच परत फिरावं.

सुरुवात आवाजापासून. बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, नळ्या वेगळ्या करा आणि पुढचं लाकूडही काढा. नळ्यांच्या खालच्या आकड्यात, म्हणजे हुकात, दोरी किंवा बोट अडकवून त्या लोंबत्या धरा आणि बोटाच्या पेराने हलकेच वाजवा. देवळातल्या छोट्या घंटेसारखा लांबणारा नाद आला तर दोन नळ्यांमधली पट्टी, म्हणजे रिब, घट्ट आहे. नाद बसका आला किंवा फुटक्या भांड्यासारखी खरखर आली, तर कुठेतरी जोडाचा डाग, म्हणजे झाळ सुटली आहे. आत पाणी आणि तेल शिरून बाहेरून न दिसणारा गंज धरलेला असतो. रिब पुन्हा बसवता येते, पण ते काम परवाना असलेल्या बंदूक कारागिराचं आहे आणि स्वस्त नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवर ‘करून देतो’ म्हणणारा भेटेल. बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो, आणि तो नसताना काम करणारा आणि करवून घेणारा दोघंही अडकतात.

मग आतून. नळी खिडकीकडे रोखून दोन्ही टोकांनी बघा. आतल्या भिंतीवर उजेडाची कडी सरळ धावली पाहिजे. कडी कुठे वाकडी झाली तर तिथे बाहेरून पोचा आहे. गोल सावलीची अंगठी दिसली तर नळी तिथे फुगली आहे. तोंडात माती किंवा चिंधी अडकलेली असताना कोणीतरी कधीतरी बार काढलेला असतो. पोचा काढता येतो, फुगवटा सोडून द्यायचा. गंजाचे खड्डे दोन ठिकाणी आधी शोधा: चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, संपून नळी अरुंद होते तिथे, आणि तोंडापासून वीतभर आत. पहिल्या जागी दाब सगळ्यात जास्त असतो. दुसरीकडे पत्रा सगळ्यात पातळ असतो. जाडी मोजायचं गेज चांगल्या कारागिराकडे असतं. सगळ्यात पातळ जागी अर्ध्या मिलीमीटरच्या खाली आकडा आला तर बंदूक भिंतीवर टांगायच्या लायकीची. ‘आतून जरा पॉलिश केलंय’ हे वाक्य कानावर पडलं तर गेज लावल्याशिवाय पैसे काढू नका. खड्डे घासून काढले की नळी चकचकते, पण तेवढी पातळ झालेली असते.

नळीवर दोरखंडासारखी किंवा पाण्यावरच्या लाटांसारखी नक्षी दिसली तर ती डमास्कस आहे. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून केलेली. दिसायला देखणी. पण अशा बहुतेक नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या आहेत. काळी दारू जळते तेव्हा दाब एका चालीने चढतो. आजच्या काडतुसातली धूरविरहित दारू वेगळ्या चालीने दाब टाकते, आणि जोडांच्या आत गंज लपलेली नळी तिला तोंड देऊ शकत नाही. नळी फुटली तर ती जिथे फुटते तिथे डावा हात असतो. विक्रेता कितीही सांगो, ‘आजही चालते’ हे डमास्कसच्या बाबतीत ऐकायचं नाही.

नळ्यांच्या सपाट तळाशी खुणा ठोकलेल्या असतात. भिंग लावून त्या वाचायच्या. बर्मिंगहॅमच्या बंदुकीवर मुकुट आणि त्याखाली बीएनपी ही अक्षरं असतील तर ती धूरविरहित दारूवर तपासलेली. बेल्जियन बंदुकीवर मुकुटाखाली अंडाकृतीत ईएलजी ही खूण सापडते. ती फक्त लिएजच्या तपासणी घराची खूण आहे, तिच्यावरून धूरविरहित दारूची चाचणी झाली असं समजू नये. त्यासाठी वेगळी खूण असते. खुणा घासून गेल्या असतील तर दुहेरी संशय. एक तर नळी खूप घासली गेली आहे, किंवा कोणाला काही लपवायचं होतं.

यापेक्षा जास्त बंदुका बिघडवणारी गोष्ट म्हणजे चेंबरची लांबी, आणि तिच्याकडे आपल्याकडे कोणी बघत नाही. जुन्या इंग्लिश दुनाळीचं चेंबर बहुधा अडीच इंचांचं, म्हणजे ६५ मिलीमीटरचं असतं. आजची बरीच काडतुसं ७० मिलीमीटरची, म्हणजे पावणेतीन इंचांची. गंमत अशी की ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसतं. त्यामुळे ‘बसलं म्हणजे चाललं’ असा समज होतो. बसतं कारण न उडवलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं. डब्यावरचा ७० हा आकडा ते उलगडल्यानंतरचा आहे. बार उडताना तोंड उघडतं आणि उरलेले ५ मिलीमीटर चेंबरच्या पुढच्या अरुंद भागात घुसतात. छर्र्यांची वाट आवळली जाते आणि दाब वाढतो. एका बाराने सहसा काही होत नाही. होतं ते हळूहळू: खांद्याला धक्का जास्त बसायला लागतो, वापरलेल्या काडतुसाच्या कडा फाटलेल्या दिसतात, आणि काही वर्षांत बंदूक ढिली होते. म्हणून चेंबर मोजून घ्या. विक्रेत्याकडे चेंबर गेज नसेल तर त्याने दुकान कशाला उघडलंय हा प्रश्न विचारायला हरकत नाही. काडतुसं घेताना डब्यावर ६५ की ७०, आणि छर्र्यांचं वजन किती ग्रॅम, हे दोन आकडे वाचूनच घ्यायचे. ६५ च्या बंदुकीला ३२ ग्रॅमच्या वर जाऊ नये.

ढिलेपणा तपासायला पुढचं लाकूड काढून बंदूक बंद करा. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारं मागचं लाकूड, काखेत घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने नळ्या डावी-उजवीकडे, मग वर-खाली हलवा. जरासाही खटखट आवाज नको. मग बंद बंदूक उजेडाकडे धरून नळी आणि मागची ताठ भिंत यांच्या मधे बघा. उजेडाची फट दिसली तर बार काढताना काडतुसाचं बूड मागे ढकललं जातं आणि गरम वायू डोळ्यांच्या दिशेने येऊ शकतो. बंदूक उघडायची वरची लिव्हर मधल्या रेषेच्या जरा उजवीकडे थांबत असेल तर अजून आयुष्य बाकी आहे. मधल्या रेषेवर असेल तरी ठीक. ती डावीकडे गेलेली दिसली तर खाचा झिजल्या आहेत. ढिली बंदूक घट्ट करण्याचा गावठी उपाय म्हणजे नळ्यांखालच्या आकड्यावर हातोडी मारून लोखंड पसरवणं. महिनाभर घट्ट, मग पुन्हा तेच. आकड्यावर ठोकल्याचे वण शोधा, सापडतात.

चाप तपासताना रिकामे बार मारू नका, पितळी नाहीतर प्लास्टिकच्या स्नॅप कॅप, म्हणजे खोटी काडतुसं मागून घ्या. पुढचा चाप दीड-पावणेदोन किलोला आणि मागचा त्याहून जरा जड सुटावा. भाजीवाल्याकडचा स्प्रिंगचा काटा चापाला अडकवून हे दुकानातच मोजता येतं. किलोभरावर सुटणारा चाप म्हणजे कोणीतरी आत कानस फिरवली आहे. दुसरी चाचणी सेफ्टीची. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, स्नॅप कॅप घालून, सेफ्टी लावून दस्त्याचं बूड रबरी पायपुसण्यावर दोन-तीनदा आपटा. मग सेफ्टी काढून दोन्ही चाप ओढा. दोन्ही आवाज वेगवेगळे आणि स्पष्ट आले पाहिजेत. एकच आला तर दुसरी बाजू आपटण्यानेच सुटली होती. बहुतेक दुनाळ्यांची सेफ्टी फक्त चाप अडवते, आतला घोडा अडवत नाही. म्हणून भरलेली दुनाळी जीपमध्ये, ट्रॅक्टरवर किंवा बांधावर टेकवून ठेवायची नाही. मोडून, रिकामी करूनच न्यायची.

दस्त्याला अ‍ॅक्शनच्या, म्हणजे चाप-घोडा बसवलेल्या लोखंडी भागाच्या, मागे केसासारखी चीर आहे का ते बघा. तेल पिऊन काळं पडलेलं लाकूड तिथेच तडकतं. कारण असं की आपल्याकडे बंदुका तोंड वर करून कपाटात उभ्या ठेवतात, आणि तेल वर्षानुवर्षं खाली लाकडात उतरत राहतं. ती तोंड खाली करून ठेवा, खाली फडकं घाला.

घरात दुनाळी ठेवायची तर सोलापूरची हवा तशी बंदुकीला मानवते. कोकणासारखा दमट गंज इथे नाही. इथला शत्रू म्हणजे धूळ आणि एप्रिल-मेची चाळिशी पार करणारी उष्णता. म्हणून तेल कमी. बोटाला लागेल न लागेल एवढं पातळ यंत्रतेल पुरे. खोबरेल तर मुळीच नको. ते वाळून चिकट होतं, धूळ धरतं, आणि सेफ्टी अडकते ती नेमकी नको त्या वेळी. काडतुसं पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हाळाभर तापलेली काडतुसं एकतर सुस्त जातात नाहीतर उशिरा पेटतात. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान ३० सेकंद थांबा आणि मगच उघडा. ‘फुसकं निघालं’ म्हणून लगेच उघडणाऱ्याच्या तोंडावर ते पेटू शकतं.

तिजोरीचा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. ३० इंची नळ्यांची दुनाळी जोडून सुमारे ४ फूट होते, कपाटाच्या आतल्या लॉकरमध्ये ती बसत नाही. मोडली की सगळ्यात लांब भाग ३० इंचांचा, म्हणून आतून ३२ इंच उंचीची, भिंतीत बोल्टने घट्ट केलेली पोलादी पेटी पुरते. काडतुसं दुसऱ्या कुलपात. चौकशीला पोलीस येतात तेव्हा बंदूक कुठे ठेवता हे बघतातच, आणि गादीखालची बंदूक हे छाननीत आयतं कारण होतं.

आता कागद. विकणारा खाजगी परवानाधारक असेल तर त्याने विकण्याचा इरादा जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवलेला असला पाहिजे आणि त्यानंतर किमान ४५ दिवस गेले पाहिजेत. हे कायद्यातच आहे. ‘आज व्यवहार, उद्या कागद’ म्हणणाऱ्याचा चहा प्यावा आणि निघावं. बंदुकीवरचा क्रमांक, त्याच्या परवान्यावरचा क्रमांक आणि पावतीवरचा क्रमांक अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. जुन्या इंग्लिश बंदुकीवर क्रमांक तीन ठिकाणी सापडतो: चाप-रक्षकावर, अ‍ॅक्शनखाली आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर. तिन्ही जुळत नसतील तर ती वेगवेगळ्या बंदुकांचे भाग जोडून केलेली आहे. क्रमांक किंवा बनवणाऱ्याचं नाव घासून काढलेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडते, त्यानेच ते घासलं असं उलट सिद्ध होईपर्यंत कायदा गृहीत धरतो, तिचे बाकीचे कागद कितीही चोख असोत. नळी कापून आखूड केलेली असेल तर तिला हातही लावू नका. २० इंचांपेक्षा आखूड नळीची गुळगुळीत बंदूक प्रतिबंधित वर्गात जाते.

विकणाऱ्याच्या परवान्यावर युनिक ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन आहे का तेही बघा. तो नसलेला परवाना जून २०२० नंतर चालत नाही, आणि तसा परवाना दाखवून कोणी बंदूक विकत असेल तर ती बंदूक आधीच बेकायदा ताब्यात आहे.

सोलापुरात दोन दारं आहेत आणि त्यांचा घोळ सगळ्यात जास्त होतो. शहराच्या आयुक्तालय हद्दीत राहणाऱ्याचा परवाना पोलीस आयुक्तांकडे. बार्शी, मोहोळ, माढा, सांगोला, अक्कलकोट वगैरे ग्रामीण भागातल्या माणसाचा जिल्हाधिकाऱ्यांकडे. शेत मोहोळात, पण मुलांच्या शाळेसाठी राहायला होटगी रोडला, असे खूप जण आहेत. परवाना गावच्या पत्त्यावर आणि बंदूक शहरातल्या फ्लॅटमध्ये, असं छाननीत सापडलं तर उत्तर देणं जड जातं. पत्ता बदलला की लगेच लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.

अक्कलकोट आणि मंगळवेढ्याच्या लोकांसाठी खास: परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. ‘महाराष्ट्र’ एवढंच असेल तर विजापूर किंवा कलबुर्गीकडच्या पाहुण्यांच्या लग्नाला बंदूक गाडीत टाकून जाता येत नाही. सीमा ओलांडली की परवान्याचं संरक्षण संपतं. आणि लग्नातलं सांगायचंच तर, वरातीत हवेत बार काढून कोणाच्या जिवाला धोका झाला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम बघून हौस फिटत नसेल तर तो वेगळा आजार आहे.

नान्नज, मार्डी, वडाळ्याच्या बाजूला राहणाऱ्यांना आणखी एक पायरी आहे. विक्रेते ती सहसा सांगत नाहीत. तिथे माळढोक अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यात किंवा त्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करावी लागते. तिथे नवा परवानाही त्यांच्या संमतीशिवाय मिळत नाही. अर्ज महिनोन्महिने अडकतो तो बहुतेकदा याच टेबलावर. आणि परवान्यावर ‘पीक संरक्षण’ लिहिलंय म्हणून रानडुकराला बार मारता येत नाही. वन विभागाची लेखी परवानगी वेगळी लागते. काळविटाचं तर नावच नको, तो अनुसूची एकमधला प्राणी आहे. डिसेंबर २०२० मध्ये करमाळ्यात माणसं मारणारा बिबट्या मारला गेला तोही वन विभागाच्या आदेशानेच.

आजोबा-वडिलांची बंदूक घरात असेल तर ती विकण्याआधी थांबा. परवानाधारकाने ७० वर्षं पूर्ण केली असतील, किंवा बंदूक २५ वर्षं बाळगली असेल, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावावर परवाना करून देण्यासाठी अर्ज करता येतो. हा रस्ता नव्या परवान्यापेक्षा सोपा जातो, कारण बंदुकीचा इतिहास आधीच दप्तरात असतो. परवानाधारक वारल्यावर मात्र बंदूक घरात ठेवून तेराव्याची वाट बघू नका. आधी पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या, मग अर्ज.

रिव्हॉल्व्हरबद्दल थोडक्यात, कारण विचारणारे सगळे तेच विचारतात. कानपूरची .३२ खिशात बसते आणि पुढाऱ्याच्या कमरेला शोभते. पण शेतवस्तीवर रात्री, अंधारात, धावत्या जनावरावर किंवा पळत्या सावलीवर आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरचा उपयोग शून्याच्या जवळ आहे. दुनाळीचा मोठा आवाज आणि छर्रे काम करतात, आणि छर्रा गोळीसारखा मैलभर जात नाही. शेजारच्या वस्तीच्या दृष्टीने हा मोठा फरक आहे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलावर जीएसटी ४० टक्के झाला, बारा बोअरवर १८ टक्केच आहे. छाननीतही ‘शेतीसाठी’ म्हणून मागितलेल्या परवान्यावर रिव्हॉल्व्हर का, हा प्रश्न येतो, आणि त्याचं पटण्यासारखं उत्तर फार कमी लोकांकडे असतं.

शेवटी दुकानाची पारख. आपल्या जिल्ह्यात, पुण्यात किंवा आणखी कुठे घ्या, चार गोष्टी भिंतीवर आणि टेबलावर बघा. विक्रीचा चालू परवाना टांगलेला आहे का. ठेवीसाठी, म्हणजे बंदूक सांभाळण्यासाठी वेगळी परवानगी आहे का. साठ्याचं रजिस्टर तारखेनिशी भरलेलं आहे का. आणि काडतुसं विकताना तो परवान्यावर आकडा चढवून सही करतो का. चौथी गोष्ट सगळ्यात बोलकी. ‘असू द्या, पुढच्या वेळी चढवू’ म्हणणारा विक्रेता तुमच्या हिशेबात खोट तयार करतो, आणि पाच वर्षांनी नूतनीकरणाला विकत घेतलेली, वापरलेली आणि शिल्लक काडतुसं जुळत नाहीत. काडतुसांच्या रिकाम्या टोप्या फेकू नका. डब्यात ठेवा.

ठेवीचा दर महिन्यावर असतो की वर्षावर, आणि तेलपाणी त्यात धरलं आहे का, हे आधी लिहून घ्या. तेलपाणी न करता सहा महिने ठेवलेली बंदूक परत घेताना आतून बघितल्याशिवाय पावतीवर सही करू नका. निवडणुकीत जमा करायची वेळ आली तरी हेच. आचारसंहितेत छाननी समिती ठरवते कोणाची बंदूक जमा करायची ते, आणि नोटीस आल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. बंदूक देताना पावतीवर क्रमांक, नळीची स्थिती, दस्त्यावरची जुनी चीर आणि सोबतची काडतुसं नोंदवून घ्यायची. मोबाइलवर तारखेसह चार फोटो काढायचे: दोन नळीच्या आतून, एक क्रमांकाचा, एक दस्त्याचा. निकालानंतर बंदूक परत घ्यायला फार उशीर करू नका. ठाण्याच्या मालखान्यात कोणी तेल लावत नाही.